पॉवर कट नव्हता

"वायर काढली की असंच होतं," असं मी फोनवर बोललो. हातात तापलेली सोल्डरिंग आयर्न होती, समोर बोनेट उघडी टाकलेली दुसरी गाडी होती आणि मला फोन ठेवायचा होता. त्या एका वाक्यावर एका ड्रायव्हरचं काम अकरा दिवस बंद राहिलं, हे मला नंतर कळलं.

फोन टूरिस्ट टॅक्सीच्या मालकाचा होता. गाडीत ती कुठे आहे ते सांगणारं जीपीएस यंत्र होतं, तरी साताऱ्याबाहेर पडली की ती नकाशावर गोठायची आणि दीड-दोन तासांनी थेट कात्रजला उगवायची. एका महिन्यात चार वेळा, तेही फक्त लांबच्या भाड्याला. "खंबाटकीच्या बोगद्यामुळे असेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बोगद्याचा विषय मिनिटभराचा, बाहेर पडलं की सॅटेलाइट परत मिळतात. आणि मग ते वाक्य.

मालकांनी ड्रायव्हरला घरी बसवलं. मधल्या वेळात परस्पर प्रवासी भरतो, असा वहीम.

गाडी माझ्याकडे आली ती वायर कुठे तोडलीय ते शोधायला. यंत्र मी बसवलेलं नव्हतं, पण ज्यानं बसवलं त्यानं काम नेटकं केलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण दहातल्या सात गाड्यांत मला उलटं दिसतं: चालू वायरला दात मारणारा निळा क्लिप कनेक्टर, वर दोन वेढे टेप, अर्थ म्युझिक सिस्टिमच्या स्क्रूला आणि फ्यूजचा पत्ता नाही. सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास कोसळते आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर चौदाच्या वर नेतो. ढिला जोड या उड्या किती दिवस सोसणार? इथं लाल वायर थेट बॅटरी लाइनवर, जोडापासून चार बोटांवर फ्यूज, इग्निशनची वायर वेगळी, काळी वायर रंग खरवडून बॉडीच्या बोल्टला. जोड क्रिम्प करून, म्हणजे दाबून पक्के केलेले, वर स्लीव्ह चढवलेली. यंत्र ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, वर फक्त प्लास्टिक, अँटेना आकाशाकडे. गाडी बंद करून मीटर लावला तर सगळ्या गाडीचं मिळून ३० मिलिअँपिअर, म्हणजे ठीक. कुठेही ओरखडा नाही.

तेव्हा मी मालकांना यंत्राचे संदेश जिथे जमा होतात ते पोर्टल उघडायला सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पिवळ्या पाटीच्या नव्या प्रवासी गाड्यांना जानेवारी २०१९ पासून एआयएस-१४० या मानकाचं जे जीपीएस यंत्र लागतं, त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी असते, चार तासांची. गाडीची वायर काढली तर ते गप्प बसत नाही, उलट मेन पॉवर गेल्याचा अलर्ट पाठवतं. इथे चारही वेळा असा एकही अलर्ट नव्हता. यंत्र जिवंत होतं, सर्व्हरशी बोलत होतं, फक्त आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हतं. अलर्ट आला होता का, हे मी फोनवरच विचारायला हवं होतं. वीस वर्षं वायरिंग करतोय मी.

लॅपटॉप जोडून यंत्राला दिसणारे सॅटेलाइट बघितले. अकरा, बहुतेकांची ताकद चाळिशीच्या पुढे. उत्तम. मग आरशामागचा डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, दिसला. त्याची वायर पिलरमधून उतरून ग्लोव्ह बॉक्सवरून सिगारेट सॉकेटकडे गेली होती. चार्जर सॉकेटमध्ये खोचला आणि आकडे घसरायला लागले. पस्तीस, अठ्ठावीस, बावीस. पाऊण मिनिटात दोन सॅटेलाइट उरले. जागा कळायला निदान चार लागतात.

चार्जर काढला, आकडे वर. घातला, खाली. आठ वेळा केलं. मग तोच कॅमेरा पॉवर बँकेवर चालवला: अकराच्या अकरा जागेवर. म्हणजे दोष चार्जरचा. फोडून बघितला. बारा व्होल्टचे पाच करणारं सर्किट आत होतं, पण त्याचा कचरा, म्हणजे रेडिओ लहरींचा गोंगाट, अडवणारे फिल्टरचे भाग बसवलेलेच नव्हते, बोर्डावर त्यांच्या जागा रिकाम्या. पाच-दहा रुपये वाचवलेत कोणीतरी. जीपीएसचा सिग्नल २०,२०० किलोमीटरवरून येतो आणि पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून शेजारच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं काम असतं ते. तिथे हा चार्जर वीतभर अंतरावर गोंगाट करत बसलेला.

फक्त लांबच्या भाड्यालाच का, तेही उलगडलं. सॉकेट एकच. शहरात ड्रायव्हर मोबाईल चार्जिंगला लावायचा, हायवेला कॅमेरा. मागे एका ट्रकनं घासून वर यालाच दोषी धरलं होतं, तेव्हापासून पदरचे पैसे घालून त्यानं तो कॅमेरा घेतला होता.

मी फिल्टरवाला चार्जर बसवला, वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या पिलरमधून फिरवली आणि शिरवळपर्यंत स्वतः चालवून बघितलं. बोगद्यातलं मिनिटभर सोडलं तर एकदाही जागा सुटली नाही. मालकांना आकडे दाखवले, छापून दिले. त्यांनी त्याला परत बोलावलं. अकरा दिवसांच्या पगाराचं विचारलं, तर ते "बघू" म्हणाले.

गाडी न्यायला ड्रायव्हर स्वतः आला. माझ्यापेक्षा वयानं मोठा. वायर कुठून नेलीय ते बघून घेतलं, मोबाईलवर दोन फोटो काढले. मग म्हणाला, "मालक म्हणत होते, मिस्त्रीनंच सांगितलं वायर काढली म्हणून."

"हो दादा, मीच म्हटलो होतो. न बघता."

तो काही बोलला नाही. सीटवर बसला, सेल्फ मारला, यंत्राचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांबला आणि मग गाडी बाहेर काढली.