दोन लिफाफ्यांतले मत आणि लिंकवरचे मत

कॅलिफोर्नियात टाउनहाउस किंवा कॉन्डो घेतला की किल्ल्यांबरोबर एका संस्थेचे सभासदत्वही आपोआप गळ्यात पडते. बोलताना सगळे तिला ‘एचओए’ (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संस्था) म्हणतात आणि तिच्याविषयीचे बोलणे बहुधा दरमहा भरायच्या पैशांपुरते किंवा कुंपणाच्या रंगावरून आलेल्या पत्रापुरतेच असते. कायद्याच्या नजरेने पाहिले तर ही बहुतेक ठिकाणी म्युच्युअल बेनिफिट कॉर्पोरेशन (सभासदांच्याच हितासाठी चालणारी संस्था) या वर्गात नोंदवलेली ना-नफा संस्था असते. तिला संचालक मंडळ असते, नियमावली असते आणि त्या मंडळाला निवडून देण्याचा किंवा घरी बसवण्याचा अधिकार घरमालकांना असतो. १ जानेवारी २०२५ पासून या निवडणुका ऑनलाइन घेण्याची वाट मोकळी झाली. २०२४ साली मंजूर झालेल्या ‘एबी २१५९’ या विधेयकाने तो बदल केला. आमच्या ओळखीच्या अनेक मराठी घरांमध्ये सध्या ‘ईमेलवर मतपत्रिका हवी की कागदावर’ असे विचारणारी पत्रे येत आहेत आणि बहुतेक जण ती न वाचताच बाजूला टाकतात. म्हणून हा लेख.

आधीची पद्धत समजून घेतल्याशिवाय नव्या पद्धतीचे मर्म कळत नाही. जुलै २००६ पासून या असोसिएशनांवर गुप्त मतदानाचे बंधन आहे आणि ती गुप्तता राखण्यासाठी कायद्याने दोन लिफाफ्यांची युक्ती योजली आहे. मतपत्रिकेवर सही किंवा नाव नसते. ती एका कोऱ्या लिफाफ्यात घालून तो चिकटवायचा, मग तो दुसऱ्या लिफाफ्यात घालायचा आणि या बाहेरच्या लिफाफ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आपले नाव, पत्ता लिहून सही करायची. मी आमच्या असोसिएशनच्या एका निवडणुकीत ‘इन्स्पेक्टर ऑफ इलेक्शन्स’ (पुढे नुसते ‘निरीक्षक’) म्हणजे आपल्याकडच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे काम केले आहे. जो सभासद संचालक नाही, उमेदवार नाही आणि त्या दोघांचा नातेवाईकही नाही, त्याला हे काम देता येते. क्लबहाउसमधल्या लांब टेबलावर एका बाजूला सभासदांची यादी, दुसऱ्या बाजूला लिफाफ्यांची चळत, आणि समोर खुर्च्यांवर बसलेले, बघण्याचा पूर्ण हक्क असलेले सभासद, असा तो मामला असतो. बाहेरच्या लिफाफ्यावरची सही पाहायची, यादीत खूण करायची, तो फोडून आतला कोरा लिफाफा वेगळ्या ढिगात टाकायचा. सगळे आतले लिफाफे एकत्र होऊन मिसळले की मगच ते उघडायचे. सही करायला विसरलेले लिफाफे बाजूला निघतात आणि ते दर निवडणुकीत निघतातच, कारण सूचना कितीही ठळक छापल्या तरी लोक घाईत असतात.

या सगळ्या खटाटोपात खरे काम एकच होते. मत देणारा सभासदच आहे याची खात्री पटली पाहिजे आणि त्याच वेळी त्याने कोणाला मत दिले हे कोणालाही, अगदी मोजणाऱ्यालाही, कळता कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. लिफाफ्यांच्या पद्धतीत नाव आणि मत ज्या क्षणी एकमेकांपासून सुटतात, तो क्षण खोलीतल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतो.

ऑनलाइन पद्धतीत तो क्षण सर्व्हरमध्ये घडतो. कायदा लिहिणाऱ्यांना याची जाणीव होती असे दिसते, कारण मतदानाच्या यंत्रणेने काय काय केलेच पाहिजे याची मोठी यादी त्यांनी घातली आहे. सभासदाची ओळख पटवणे, मतपत्रिका वाटेत बदलली गेलेली नाही याची खातरजमा करणे, मत दिलेल्या सभासदाला पोच पाठवणे, ओळखीची माहिती मतापासून कायमची अशी वेगळी करणे की पुढे ती जोडताच येऊ नये, आणि तरीही फेरमोजणीसाठी मतपत्रिका निरीक्षकाला पाहता येतील अशा जपून ठेवणे, या सगळ्या अटी त्यात आहेत. मतदानाची मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी सभासदाचे उपकरण त्या यंत्रणेशी जोडले जाते की नाही हे तपासण्याची सोय द्यावी लागते. कागद की ईमेल ही निवड बदलायची असेल तर ती निवडणुकीच्या ९० दिवस आधीपर्यंतच बदलता येते. पत्र न वाचता टाकून देणाऱ्यांना नेमका हाच आकडा अडचणीत आणणारा आहे. एकदा पाठवलेले ऑनलाइन मत मागे घेता येत नाही, पण ते कागदाच्या बाबतीतही निरीक्षकाच्या हाती मतपत्रिका पडल्यावर तसेच होते.

माझे मत विचाराल तर अटी चांगल्या आहेत, पण त्या पाळल्या गेल्या हे पाहण्याची जागा आता मतमोजणीच्या टेबलावरून करारनाम्याच्या कागदावर गेली आहे. लिफाफे फोडणाऱ्या निरीक्षकाला संगणकाचे ज्ञान लागत नव्हते. आता त्याने कंपनीला विचारायला हवे की पोच आणि मत यांच्या नोंदी एकाच ठिकाणी राहतात का, त्यांवर वेळेचा शिक्का सारखाच पडतो का, आणि कंपनीतल्या कोणाला दोन्ही नोंदी दिसतात का. शंभर घरांच्या वसाहतीत एका दुपारी तीनच मते पडली आणि दोन्ही नोंदींवर वेळ असली, तर नाव जोडायला फार हुशारी लागत नाही. हे प्रश्न संचालक मंडळाने नव्हे, निरीक्षकाने विचारले पाहिजेत, कारण मंडळातलेच काही जण उमेदवार असतात.

फायदा कशात आहे तेही सांगायला हवे, आणि तो आहे गणपूर्तीत. कॅलिफोर्नियातल्या असोसिएशनांचे जुने दुखणे म्हणजे मते पुरेशी येतच नाहीत. पोस्टाने लिफाफे पाठवा, पुन्हा पाठवा, छपाई आणि टपालखर्च सभासदांच्याच पैशांतून करा, आणि शेवटी सभा तहकूब करा. २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने संचालकांच्या निवडणुकीसाठी तहकूब सभेत २० टक्क्यांची गणपूर्ती पुरेशी ठरवली, यावरूनच परिस्थिती किती वाईट होती हे कळते. फोनवर दोन मिनिटांत देता येणाऱ्या मताने हा आकडा वाढेल, यात मला शंका नाही. भाड्याने घर देऊन दुसऱ्या राज्यात किंवा थेट पुण्यात जाऊन राहिलेल्या मालकांचे मत तर प्रथमच सहज हाती येईल.

एक गोष्ट मात्र कायद्याने कागदावरच ठेवली आहे, ती म्हणजे पैसे वाढवण्याचे मतदान. नेहमीची वर्गणी वर्षात २० टक्क्यांहून अधिक वाढवायची असेल, किंवा वर्षाच्या अंदाजपत्रकी खर्चाच्या ५ टक्क्यांहून मोठी विशेष वर्गणी लावायची असेल, तर सभासदांची मंजुरी लागते, आणि त्यासाठी निम्म्याहून अधिक सभासदांची गणपूर्ती हवी. या मतदानाला ऑनलाइनची मुभा नाही. संचालक निवडायला जी यंत्रणा विश्वासार्ह आहे ती छपराच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करायला विश्वासार्ह का नसावी, हा प्रश्न कोणालाही पडेल. मला तरी ही विसंगती खटकली. पण छप्पर गळायला लागल्यावर ज्यांच्या खिशाला हजारो डॉलरची चाट बसते, त्यांना हाती धरता येईल असा कागद हवासा वाटतो, हेही मी जवळून पाहिले आहे.

आता आपल्या मंडळांकडे वळतो, कारण अमेरिकेतली मराठी मंडळेही साधारणपणे ना-नफा संस्था म्हणूनच नोंदवलेली असतात. त्यांना दोन लिफाफ्यांचा हा कायदा लागू नाही. कॅलिफोर्नियात पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन (लोकहितासाठीची ना-नफा संस्था) म्हणून नोंदलेल्या मंडळाला सभा न घेता मतपत्रिकेवर निर्णय घेता येतो, आणि ती मतपत्रिका ईमेलने पाठवता आणि परत घेता येते, मात्र सभासदाने तसे मान्य केलेले असावे लागते. मतपत्रिकेवर गणपूर्तीसाठी किती मते लागतील, ठराव किती मतांनी मंजूर होईल आणि शेवटची तारीख कोणती, हे छापावे लागते. संचालकांची निवडणूक अशी घ्यायची असेल तर घटनेत किंवा नियमावलीत तशी तरतूद आधी असावी लागते. ही शेवटची अट किती मंडळांच्या कार्यकारिणीने वाचली असेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

शिवाय वर्षाची वर्गणी भरली म्हणजे कायद्याच्या अर्थाने ‘सभासद’ झालो असे होत नाही. ज्याला नियमावलीने संचालक निवडण्याचा किंवा नियमावली बदलण्यासारख्या मोठ्या निर्णयांत मत देण्याचा हक्क दिला आहे, तोच सभासद. कौटुंबिक सभासदत्वाला एक मत की दोन, हे लिहिलेले नसेल तर नवरा-बायकोच्या एकाच ईमेलवर गेलेल्या लिंकवरून गणपतीच्या महिन्यात जो वाद पेटतो तो आरतीपेक्षा लांबतो.

आणि गूगल फॉर्म! फॉर्ममध्ये ईमेल नोंदवून घेतला, तर तो बनवणाऱ्या चिटणिसाला कोणी कोणाला मत दिले हे तक्त्यात सरळ वाचता येते. नोंदवला नाही, तर व्हॉट्सॲपवर पुढे गेलेल्या लिंकवरून सभासद नसलेला भाचासुद्धा मत देऊन मोकळा होतो. सहलीचे ठिकाण किंवा दिवाळीच्या फराळाचा ठेकेदार ठरवायला फॉर्म उत्तम आहे. अध्यक्ष निवडायला तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक सभासदाला एकदाच चालणारा वेगळा कोड पाठवणाऱ्या मतदान सेवा उपलब्ध आहेत, आणि ते काम कार्यकारिणीबाहेरच्या, निवडणुकीला उभ्या नसलेल्या सभासदाकडे सोपवायला वेगळा खर्च येत नाही. नियमावलीत बदल करायचा असेल तर तो निवडणुकीच्या तोंडावर न करता आदल्या सर्वसाधारण सभेत मांडावा, म्हणजे नव्या पद्धतीने कोणाचा फायदा होणार याचा हिशेब कोणालाच आधी करता येणार नाही.