रायफल हलकी की भारी?

आज यवतेश्वरचा घाट चढताना काकांशी भलताच विषय निघाला. काका अपशिंगे मिलिटरी गावचे, रिटायर्ड फौजी. म्हटलं, परदेशात डोंगरात शिकारीला जाणारे ३ किलोच्या आतबाहेरची रायफल शोधतात म्हणे. काका हसले. "आमची फौजेतली इन्सास रायफल रिकामीच ४ किलोच्या वर. मॅगझिन, पाठीवरचा पिट्टू, पाणी वेगळंच!"

पण हलकी म्हणजे चांगली, हे त्यांना पटेना. "गोळी तीच नि वजन कमी, मग धक्का खांद्यालाच बसणार. त्यात चढून धाप लागलेली, हलकी नळी श्वासागणिक नाचती." माझ्या सॅकचा पट्टा काठीला बांधून दंडाला पीळ देत त्यांनी रस्त्यातच पोझिशन दाखवली. काठी जरा हलेल तर शपथ! मॉर्निंग वॉकवाले बघतच राहिले. आणि वजन दुर्बीण, पट्टा, गोळ्यांसकट धरायचं; नुसत्या रायफलचा आकडा फसवा.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला, बरंच झालं. तरी माझं मत सगळं धरून साडेतीन-पावणेचार किलो.

काका म्हणाले, "आरं, आधी पोटाचं वजन उतरव, मग रायफलीचं बघू."