चंदीगडला सहावीचा प्रवेश : माझा अनुभव

नवऱ्याची बँकेतली बदली मे महिन्यात नाशिकहून चंदीगडला झाली आणि लेकीच्या सहावीच्या प्रवेशाचं काम माझ्या गळ्यात पडलं. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात. तिथे वर्ग एप्रिललाच सुरू झालेले. म्हणजे नाव घालण्याआधीच पोर मागे पडलेली.

घर बघताना एजंट म्हणाला, "शाळेची चिंता नको, सेक्टरातच आहे." ते खरंही होतं. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने 1951 मध्ये या शहराचा आराखडा केला तेव्हा एक सेक्टर, म्हणजे शहराचा एक चौकोनी भाग, साधारण 800 बाय 1200 मीटरचा धरला. वेगाची वाहतूक सेक्टरच्या बाहेरून, आत बाजार आणि दवाखाना, मधोमध हिरवा पट्टा आणि त्यात शाळा. मुलांना मोठा रस्ता ओलांडावाच लागू नये, असा हिशेब. मला तो फार आवडला. फक्त सहावीत जागा शिल्लक नाही, हे त्या हिशेबात कुठे बसतं ते कळेना.

मग शेजारच्या सेक्टरातली सरकारी शाळा. तिथल्या क्लार्कबाईंनी शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतला. लिपी देवनागरी, त्यामुळे वाचता सगळं येत होतं. एका रकान्यावर बोट ठेवून त्या हसायला लागल्या. "शेरा? साडे तां पुत्त नूं शेरा कैंदे ने!" म्हणजे आमच्याकडे तर मुलाला 'शेरा', सिंहा, म्हणतात. मी 'रिमार्क' असं सांगितलं. दाखला उलटसुलट करून मग त्यांनी विचारलं, "काउंटरसाइन?"

परराज्यात जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, हे मला नाशिकमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. दाखला कुरिअरने परत गेला. भावाने जिल्हा परिषदेत चकरा मारल्या, पहिल्या दिवशी साहेब बैठकीला, दुसऱ्या दिवशी सही. कुणाची बदली झाली असेल तर गाव सोडण्याआधी ही सही घ्याच. दाखला परत आला तर नवीन अडचण, यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेने लेकीचं नाव सोडलंच नव्हतं. ते फोनवर भागलं, पण चार फोनांनी. भाडेकरार, आधार, फोटो वगैरे किरकोळच.

तिसरी भाषा संस्कृत की पंजाबी, हे मात्र लेकीनेच ठरवलं. मला संस्कृत सोपं वाटत होतं. ती म्हणाली, "आई, मग दुकानावरच्या पाट्या कोण वाचणार?" आता ती रिक्षात बसून मला गुरुमुखी, म्हणजे पंजाबीची लिपी, शिकवते, मी 'ਸ' (स) आणि 'ਮ' (म) मध्ये अजून गोंधळते.

आमच्या गॅलरीतून सेक्टरातल्या शाळेचं मैदान दिसतं, सकाळची प्रार्थनाही ऐकू येते. त्याच वेळी आम्ही दोघी त्या रुंद रस्त्याच्या कडेला, हात घट्ट धरून, गाड्यांची रांग तुटायची वाट बघत असतो.