जैसलमेरचं वाळवंट: टूरबरोबर की आपलं आपण?

दिवाळीनंतर लातूर-नांदेड भागातून राजस्थानला जाणारी मंडळी दोन तऱ्हेची असतात. काही जण टूर कंपनीच्या बसमध्ये बसून जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर एका दमात उरकतात, तर काही जण गाडी काढून सुसाट निघतात. आम्ही यंदा मधली वाट धरली. परतल्यापासून ओळखीच्यांचे फोन चालू आहेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: टूर घ्यावी का स्वतः जावं? म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधी सांगून टाकतो. जैसलमेरला वाळू बघायला कुणी सोबत लागत नाही. त्या वाळूत माणसं कशी जगतात हे बघायचं असेल, तर मात्र तिथला माणूस बरोबर हवाच. त्यामुळे सगळी सहल कंपनीच्या हाती देऊ नका, आणि सगळीच्या सगळी स्वतःच्या जिवावरही करू नका. शहर, किल्ला, सीमेकडचा रस्ता हे आपलं आपण करा. खडीनची शेतं (म्हणजे बांधानं अडवलेल्या पावसाच्या ओलीवर पिकणारी), माळढोक पक्ष्याचं रान आणि वाळूतली पहाट, एवढ्यासाठी स्थानिक माणूस दिवसाच्या बोलीनं घ्या.

सोबत बायको, मुलगी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णांचं सगळं आयुष्य कळंबकडच्या कोरडवाहू शेतीत गेलं. देवगिरीनं मुंबई, वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूर, आणि जोधपूरला चालकासह गाडी ठरवली. आपल्याकडून स्वतःची गाडी नेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. जाता-येता अर्धी सुट्टी हायवेवर जाते, आणि संध्याकाळनंतर तिकडच्या रस्त्यावर गायी, उंट बिनघोर बसलेले असतात. तिथल्या चालकाला ते कुठं बसतात हे पाठ असतं.

पोकरण मागं पडलं की मुलीनं विचारायला सुरुवात केली, वाळू कुठाय? हा प्रश्न प्रत्येक गाडीत विचारला जात असणार. जैसलमेरच्या आजूबाजूला बहुतेक खडकाळ, मुरमाड पठार आहे. मोठ्या टेकड्यांचे पट्टे म्हणजे पश्चिमेला ४० किलोमीटरवरचं सम आणि नैर्ऋत्येला खुरी. अण्णा खिडकीतून बघत म्हणाले, "हे तर आपल्या बालाघाटावरच्या माळासारखंच आहे की. दगड पिवळा, एवढाच फरक."

किल्ल्याबद्दल थोडक्यात. रावल जैसलनं ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला, २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि आजही आत वस्ती आहे. गाईड नसला तरी काही अडत नाही. सकाळी लवकर जा, गल्ल्यांतून भटका, जैन मंदिरांत जाताना चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवा. मुक्काम मात्र किल्ल्याच्या आत करू नका. वाळवंटातला किल्ला, तो काही नळ आणि न्हाणीघरांच्या हिशेबानं बांधलेला नाही. आतल्या सांडपाण्याची झिरप टेकडीच्या पोटात जाऊन तटबंदीला धोका झालाय. खाली गावात भरपूर चांगली हॉटेलं आहेत.

आता सम. पॅकेजमध्ये सगळ्यांना हेच दाखवतात आणि नेमक्या सगळ्यात वाईट वेळी दाखवतात. चार-पाचच्या सुमाराला सगळ्या बसगाड्या एकदम येतात. उंट, जीपा, चहावाले, फोटोवाले, आणि त्या गर्दीत सूर्य बुडतो. मग तंबूंच्या आवारात जेवण आणि नाच. आम्हाला तिथं उदगीरच्या एक काकू भेटल्या. त्यांची बस वाटेत रखडली होती, पोचल्या तेव्हा उजेड गेला होता आणि सकाळी सातला बॅगा बाहेर ठेवायच्या होत्या. एवढ्या लांब येऊन त्यांच्या पायाला नीट वाळूसुद्धा लागली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आमच्या तंबूवाल्यानंही "लोकसंगीत" सांगून रात्री उशिरापर्यंत स्पीकरवर सिनेमाची गाणी लावली. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: मांगणियार गायक येणार का, कमायचा आणि खडताल ही तिथली वाद्यं वाजणार का, स्पीकर किती वाजता बंद होतो? मांगणियार हे पिढ्यान्‌पिढ्या गाणारे लोक. त्यांचा आवाज माइकशिवाय ऐकायला मिळाला, तर ती रात्र सार्थकी लागते. शांतता हवी असेल तर समऐवजी खुरीला राहा. तिथं गर्दी कमी, आणि गावातल्या घरांतही सोय होते.

समला राहिलातच, तर संध्याकाळ सोडा आणि पहाट धरा. आम्ही एका उंटवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. उजाडायच्या आत तो आम्हाला तंबूंपासून लांबच्या टेकड्यांवर घेऊन गेला, उंटावर नाही, पायी. उंटावर बसलं की जमीन दिसत नाही, हे त्याचंच म्हणणं. रात्रीच्या वाऱ्यानं वाळूवर बारीक लाटा उठलेल्या होत्या आणि त्यांच्यावर रात्रभराच्या येण्याजाण्याच्या खुणा होत्या. एका भुंग्याची दुहेरी टाक्यांची रेघ टेकडीच्या माथ्यावरून उतरत फोगाच्या झुडपाखाली गेली होती. शेजारून कोल्ह्याची पावलं, एकापुढं एक, सरळ. एका ठिकाणी रेघ मध्येच थांबली आणि आजूबाजूला वाळू विस्कटलेली. "इथं त्याचा नाश्ता झाला," उंटवाला म्हणाला. मुलगी तिथं वाकून किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. ऊन वर आलं आणि वारा सुटला तसं हे सगळं पुसून गेलं. तंबूतून उशिरा उठून येणाऱ्यांना यातलं काही दिसलं नसणार.

या भागात फुरसंही असतं. थंडीत ते फारसं बाहेर दिसत नाही, तरी बूट झटकूनच घाला आणि रात्री टॉर्चशिवाय वाळूत जाऊ नका.

सहलीचा गाभा माझ्या दृष्टीनं पुढचा दिवस. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव सगळ्या टूरमध्ये असतं. गाईड दिवाण सालिमसिंगाची आणि शापाची गोष्ट सांगतात, लोक पडक्या घरांत फोटो काढतात आणि बस निघते. पण पालीवालांनी मागं ठेवलेली खरी गोष्ट गावाबाहेर जमिनीवर आहे. ती म्हणजे खडीन. हे बघायला आम्ही आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून त्याच पंचक्रोशीतला एक शेतकरी गाठला होता. पाटी नाही, कुंपण नाही. माहीतगार नसेल तर त्या बांधाला तुम्ही रस्त्याचा भराव समजून पुढं निघून जाल.

जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस २०० मिलिमीटरच्या आत. आपल्याकडं मराठवाड्यात त्याच्या तिपटीहून जास्त पडतो. तिथला खडकाळ उतार पाणी पीत नाही, सगळं वाहून खाली येतं. खालच्या सखल जागी मातीचा लांबलचक बांध घातलेला असतो. पावसाळ्यात बांधाच्या आत पाणी तुंबतं, जास्तीचं सांडव्यावरून पुढं जातं, आणि उरलेलं जमिनीत मुरत राहतं. दिवाळीच्या आगेमागे पाणी उतरलं की त्याच ओलीवर गहू, हरभरा पेरतात. नंतर एकदाही पाणी द्यायचं नाही. पाण्याबरोबर दरवर्षी नवा गाळ येतो, त्यामुळे खताचीही फारशी गरज पडत नाही. एक एकर पिकाला वरचा १२ ते १५ एकर उतार मोकळा लागतो, म्हणून तो उतार कुणी नांगरत नाही, गुरं तेवढी चरतात.

अण्णा बांधावरून खाली उतरले, वाकून मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि कंबरेच्या उंचीवरून सोडला. गोळा पडून फुटला. तो शेतकरी हसला, त्यानं शेजारून तशीच मूठ उचलली आणि तसाच गोळा टाकला. मग दोघांचं जे सुरू झालं, त्यात मी मध्ये दुभाषाही नव्हतो. अण्णांची हिंदी कामचलाऊ, त्याची मारवाडी मिसळलेली, पण पेरणी किती खोल, बियाणं किती, मोरी कधी उघडता, बांध फुटला तर दुरुस्तीला घरटी माणूस येतो का, सगळं बोलून झालं. "आपली शाळू अशीच ओलीवर येते," अण्णा मला म्हणाले, "पण आपली जमीनच पाणी धरते म्हणून आपण निवांत राहिलो. यांना धरून ठेवणारी जमीन नव्हती, तर यांनी ती केली." लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेल्या माणसानं तरी हा बांध बघितल्याशिवाय जैसलमेरहून परतू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी स्थानिक सोबत लागली ती डेझर्ट नॅशनल पार्कला. तिथल्या सुदासरी भागात जायला वन विभागाची परवानगी लागते. ती जैसलमेरमध्येच काढावी लागते, तेव्हा पोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवा. आम्हाला बघायचा होता माळढोक. तिकडं त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. आमच्या शेजारी, सोलापूरच्या नान्नजला, त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता तिथं तो दिसणं दुर्मिळ झालंय आणि देशभरात मिळून दीडशेच्या आतच उरलेत. जड अंगाचा पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. आमच्या वाटाड्यानं गवतात लांबवर एक ठिपका दाखवला. दुर्बिणीतून तो पांढऱ्या मानेचा माळढोक झाला. मी एकटा असतो, तर त्या ठिपक्याला दगड समजून निघून गेलो असतो. जवळ न्या, गाडी आत घाला, असं वाटाड्याला सांगू नका. एका वेळी बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी आहे, त्याला उठवण्यात पाप आहे.

तनोट आणि लोंगेवाला चालकाबरोबर आरामात होतं. रस्ता उत्तम, दोन्हीकडं मैलोन्‌मैल काही नाही. तनोट साधारण १२० किलोमीटर, म्हणून रामगढला टाकी भरून घ्या. १९६५ च्या युद्धात मंदिराजवळ पडलेले न फुटलेले तोफगोळे आत ठेवलेत, व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडं आहे. लोंगेवाल्याला डिसेंबर १९७१ च्या लढाईतले रणगाडे दिसतात. सगळ्यांनी ओळखपत्र ठेवा, लष्करी ठाण्यांचे फोटो काढू नका, ड्रोन घरीच ठेवा. डांबरी सोडून कच्च्या वाटेनं जवळ पडेल असं मोबाइलचा नकाशा सांगतो, ते ऐकू नका. एक तर गाडी वाळूत रुतते, आणि पोकरणच्या बाजूला लष्कराच्या गोळीबार सरावाचा मोठा टापू आहे.

वाटाड्या घेताना दिवसाचा दर आधी ठरवा आणि "दुकानात न्यायचं नाही" हे स्पष्ट सांगा. नाहीतर निम्मा दिवस गालिचे आणि चादरींत जातो. शहरातला गाईड घेतलाच, तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा. खेड्यातल्या शेतकऱ्याकडं ते नसतं आणि तिथं ते लागतही नाही. त्याला मात्र घासाघीस न करता पैसे द्या.

बरोबर म्हातारी माणसं आहेत, हिंदी बोलायचा संकोच आहे, सामान उचलायला कुणी नाही, अशांनी टूर जरूर घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. फक्त कंपनीला विचारा की जैसलमेरला रात्री किती? एकच असेल तर सोडून द्या. दोन असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी बस सोडून स्वतंत्र जाऊ द्याल का, हे लेखी घ्या आणि ती दुपार खडीनला द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. खडीनमधली पेरणी बघायची तर नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच कडाका असतो, तंबूतल्या रजयांवर विसंबू नका, कानटोपी-स्वेटर घरूनच न्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, आणि दिवाळीनंतरच्या सूर्यनगरीच्या जागा भराभर जातात. आधी ती तिकिटं पक्की करा, तंबू नंतर बघा, आणि खडीनवाला माणूस जैसलमेरला पोचल्यावर हॉटेलमध्ये विचारून ठरवा.