पोह्यांचं ताट

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या दिव्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. काउंटरवर माळांची गुंतवळ, समोर चार गिऱ्हाइकं, आणि त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन वाजला. "ताई, दिवे सगळे चालू आहेत, पण आई बैठकीत बसायलाच तयार नाही. म्हणते, अंधार आहे."

अंधार? त्या बैठकीत महिन्याभरापूर्वी मीच चौदा डाउनलाइट, म्हणजे छतात बसवायचे खाली तोंड केलेले दिवे, लावले होते. बारा-बारा वॅटचे, 6500 केल्व्हिनचे, म्हणजे गिऱ्हाईक ज्याला 'एकदम पांढरा' म्हणतं तो उजेड; केल्व्हिनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं. छत पटियांचं. ग्वाल्हेरबाहेरच्यांसाठी सांगते, पटिया म्हणजे लांबलचक दगडी लाद्या, गर्डरवर टाकलेल्या. फोन करणाऱ्या मुलाला आधी तिथे मोठं झुंबर टांगायचं होतं. आमच्याकडे झुंबराचा विषय निघाला की जयविलास महालाची गोष्ट निघतेच: साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि छत ती पेलेल का हे बघायला वर हत्ती चालवले होते म्हणून सांगतात. मी म्हटलं, तुमच्या पटियांवर हत्ती चढवायची माझी तयारी नाही, आणि ड्रिलने दगडाला तडा गेला तर तुम्हीच मला वर टांगाल. मग गर्डरांना पकडून जिप्समचं फॉल्स सीलिंग केलं, तेरा फुटांचं छत दहावर आलं, आणि त्यात सात-सातच्या दोन रांगा बसल्या. रांगा का? तर ड्रॉइंगमध्ये छान दिसत होत्या म्हणून.

संध्याकाळी वायरमनला घेऊन गेले. मला वाटलं, दोन-चार ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे डबे, उडाले असतील. सगळे दिवे लख्ख. खोली बारा बाय अठरा, साधारण वीस चौरस मीटर. मधोमध लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, धरला. गप्पागोष्टी करायच्या खोलीला शंभर-दीडशे लक्स पुष्कळ होतात. इथे आकडा आला 420. मुलगा हसत म्हणाला, "नेमका चारशेवीसच यायचा होता का?" मीही हसले, पण मनात म्हटलं, उजेड तर तिप्पट आहे, आजींचंच काहीतरी चुकतंय. हे आता लिहिताना लाज वाटते.

आजी आत स्वयंपाकघराच्या दारात बसून चिवड्याचे पोहे निवडत होत्या. मी म्हटलं, "आजी, बाहेर चला ना, मला दाखवा कुठे अंधार वाटतो ते." त्या कुरकुरत आल्या, आपल्या आरामखुर्चीत टेकल्या, मांडीवर ताट घेतलं आणि कपाळावर आडवा हात धरला. उन्हात धरतात तसा. घरातल्या घरात!

"तूच बस इथे," म्हणाल्या. "बसून बघ."

बसले. ती खुर्ची मागे झुकलेली. उभ्या माणसाला जे दिवे डोक्यावर असल्याने दिसत नाहीत, ते टेकून बसलं की थेट डोळ्यांत. मांडीवर ताट घेतलं तर आणखीच गंमत. स्टीलच्या ताटात सात पांढरे ठिपके चमकत होते, ताट जरा कलंडलं की ठिपके पोह्यांवरून सरकायचे आणि बाजूची कड झळाळून उठायची. पांढरे पोहे, पांढरं ताट, पांढरा उजेड. मला माझ्या चाळीस वर्षांच्या डोळ्यांनी तूस सापडेना.

आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. "या डोळ्यानं पातळ पांढरं दिसतं," त्या एकेक डोळा झाकून सांगत होत्या, "आणि यानं पाहिलं की चहा सांडल्यासारखं." वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली आक्रसते, साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, हे मी गिऱ्हाइकांना पाठ म्हणून दाखवते. म्हणूनच तर चौदा लावले होते! पण गढुळलेल्या भिंगात शिरलेला झगझगीत ठिपका आतच पसरतो आणि बाकी सगळ्यावर पांढरी साय धरतो, हा पाठाचा दुसरा अर्धा भाग. ड्रॉइंगवर टीव्ही होता, सोफा होता. आजींची खुर्ची नव्हतीच.

मी सगळे दिवे बंद करायला लावले. नातवाचा अभ्यासाचा दिवा मागवला, त्यात नऊ वॅटचा 2700 केल्व्हिनचा बल्ब घातला, त्यावर मलमलचं फडकं टाकलं आणि तो आजींच्या डाव्या खांद्यामागे स्टुलावर ठेवला. डावीकडे अशासाठी की निवडणाऱ्या उजव्या हाताची सावली ताटात पडू नये. मांडीवर मीटर धरला: 180. आजी दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, फक्त बोटं चालत होती. मग चिमूटभर तूस आणि एक काळा दाणा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या त्या उजेडात न दिसलेलं."

दुसऱ्या दिवशी चौदाही डाउनलाइट उतरवले, दहा भोकं जिप्समच्या तुकड्यांनी बुजवून रंगवली. उरलेल्या चार भोकांत वळवता येणारे स्पॉट बसवले, सात वॅट, 3000 केल्व्हिन, तोंडं भिंतीकडे. भिंत उजळली की खोली उजळते आणि दिवा मात्र कोणाच्या डोळ्यांत जात नाही. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वरचा घेतला; स्वस्त एलईडीखाली देवघरातलं कुंकूसुद्धा विटकरी दिसतं, आणि ते आजींनी आधीच बोलून दाखवलं होतं. खुर्चीमागे उभा दिवा, सुती शेडचा. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येईल इतका उंच, म्हणजे जमिनीपासून सुमारे चाळीस इंच. सूनबाईंना तो "हॉटेलसारखा" वाटला, मुलाला खोली फार मंद वाटली. मुलासाठी वेगळ्या बटणावर सोफ्यामागची एक पट्टी देऊन टाकली. भांडणात पडण्यापेक्षा एक स्विच वाढवलेला बरा.

मजुरी घेतली नाही. तसं तोंडच नव्हतं मागायला. आठ दिवसांनी चिवड्याचा डबा आला.

उतरवलेल्या चौदांपैकी दहा अजून दुकानाच्या माळ्यावर पडून आहेत. चार आमच्या घराच्या जिन्यात लावले. तिथे बसून कोणी पोहे निवडत नाही.