मेडिकलच्या काउंटरवर बारा महिने कोण शिकवणार?

मला फार्म-डी, म्हणजे फार्मसीतली सहा वर्षांची डिग्री, होऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि मी सांगलीच्या गावभागातल्या पप्पांच्या मेडिकलमध्ये बसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका आजोबांना दम्यासाठी कॅप्सूलचा पंप लिहून दिला होता. कॅप्सूल पंपात घालायची, पंप फिरवायचा, श्वास सोडून मग तोंडात धरून जोरात ओढायचं, दहा सेकंद श्वास धरायचा, नंतर गुळण्या करायच्या, हे सगळं मी त्यांना अगदी सावकाश सांगितलं आणि ते पण प्रत्येक वाक्याला "हो बाळ, हो बाळ" म्हणत होते. पंधरा दिवसांनी आले ते धापा टाकतच. म्हटलं आजोबा पंप घेताय का, तर म्हणाले, "त्या डबीचं काय जमंना बगा, पण गोळी रोज पाण्याबरोबर घेतोय, एक बी चुकवली न्हाई."

म्हणजे पंधरा दिवस ते कॅप्सूल गिळत होते आणि फुप्फुसात काहीच जात नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण यात आजोबांची काही चूक नव्हती, चूक माझी होती. मी सांगितलं होतं, पण त्यांच्याकडून एकदा पण करून घेतलं नव्हतं. पाच वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी सहा वर्षं शिकून सुद्धा, काउंटरवर मी माणसाशी बोलत असताना शेजारी उभं राहून कुणी कधी ऐकलं नव्हतं की ही काय बोलते, काय विसरते, समोरच्याला कळलंय का नाही. तेव्हापासून डोक्यात हा विषय घोळतोय म्हणून आज लिहायला घेतलं.

माझी मावसबहीण अमेरिकेतच वाढली, तिथेच फार्म-डी केलं आणि नंतर ओहायोत एका मेडिकल स्टोअरमध्ये कम्युनिटी रेसिडेन्सी केली, म्हणजे डिग्रीनंतर सीनियरच्या हाताखाली दुकानातच काम करत शिकणं. रेसिडेन्सी म्हटलं की आपल्याकडे एमडी करणारे, रात्रंदिवस ड्युटी करणारे डॉक्टरच डोळ्यांसमोर येतात, फार्मासिस्टची रेसिडेन्सी आणि ती पण दुकानात, हे ऐकून पप्पा तर दोन मिनिटं गप्पच बसले. पण तिकडे हे १९८६ पासून चालू आहे. डिग्री झाल्यावर बारा महिने, बहुतेक जुलैच्या आसपास सुरू होतं, त्याला पीजीवाय-वन, म्हणजे डिग्रीनंतरचं पहिलं वर्ष, म्हणतात. त्यानंतर ज्याला ओपीडीतच खोलवर काम करायचंय, म्हणजे डायबेटिस, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या वगैरे, तो अजून एक वर्ष अ‍ॅम्ब्युलेटरी केअरचं पीजीवाय-टू करतो. डिसेंबरात फार्मासिस्टांचं मोठं अधिवेशन असतं तिथे पोरं प्रोग्रॅमवाल्यांना भेटतात, मग अर्ज, मुलाखती, आणि मग मॅच, म्हणजे पोरांनी आपली पसंती क्रमाने द्यायची, प्रोग्रॅमने आपली द्यायची आणि मार्चमध्ये कॉम्प्युटर जोड्या लावतो. आणि पगार? नेहमीच्या फार्मासिस्टच्या निम्म्याच्या आसपास. तरी पोरं रांगेत असतात, कारण हॉस्पिटलमध्ये किंवा क्लिनिकमध्ये चांगली जागा पाहिजे असेल तर रेसिडेन्सी विचारतातच.

मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते शिकवायची पद्धत. तिथे रेसिडेंटला शिकवणाऱ्या सीनियरला प्रिसेप्टर म्हणतात आणि त्याने चार पायऱ्यांनी शिकवायचं असतं. आधी सांगायचं, मग स्वतः करून दाखवायचं, मग शेजारी उभं राहून त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि शेवटी लांब व्हायचं, पण हाकेच्या अंतरावर राहायचं. बहीण सांगत होती की पहिले काही आठवडे तिची प्रिसेप्टर तिच्या मागे स्टूल टाकून नुसती ऐकत बसायची, पेशंट गेला की विचारायची की तू त्याला "काही प्रश्न आहे का" असं विचारलंस, तो नाही म्हणाला, तुला खरंच वाटतं त्याला काही प्रश्न नव्हता? मला हे ऐकून आजोबाच आठवले. माझ्या मागे अशी कुणी बसली असती तर तिने तिथेच म्हटलं असतं, थांब, आजोबांच्या हातात पंप दे.

आता आपल्याकडे बघा. फार्म-डी भारतात २००८ ला आलं. त्याच्या इंटर्नशिपचे बारा महिने कसे तर सहा महिने जनरल मेडिसिन आणि बाकीच्या तीन स्पेशालिटीत दोन-दोन महिने. सगळं हॉस्पिटलमध्ये. कम्युनिटी फार्मसी, म्हणजे मेडिकल दुकानातलं काम, हा दुसऱ्या वर्षाला एक विषय असतो, परीक्षा दिली की संपला. मी हॉस्पिटलला नावं ठेवत नाहीये, मिरजेसारख्या गावाजवळ शिकायला मिळणं हे भाग्यच आहे, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला तिथे दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातून सुद्धा लोक मिरजेला येतात. मी ज्या हॉस्पिटलमध्ये होते तिथे राउंडला सरांच्या मागे फिरून, चार्ट तपासून, कुठल्या गोळीची कुठल्या गोळीशी भांडणं आहेत ते शोधून खूप शिकले. पण डिस्चार्जच्या दिवशी काय व्हायचं, तर टेबलवर औषधांची पिशवी, सिस्टर घाईत, "ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी, पुढचा कोण?" आणि तो माणूस पिशवी घेऊन एसटीने तासगावला नाहीतर जतला गेला. पुढचे सहा महिने-वर्षभर तो ती औषधं कशी घेतो हे त्या वॉर्डातल्या कुणालाच दिसत नाही. ते दिसतं आम्हाला, काउंटरवर. आणि काउंटरवर बसणारा बहुतेक डी-फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झालेला असतो, त्याचं ट्रेनिंग म्हणजे पाचशे तास, कमीत कमी तीन महिन्यांत, त्यातले अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं द्यायची. नियम चांगला आहे, पण त्या पाचशे तासांत शेजारी कोण उभं असतं आणि ते काय शिकवतं, यावर सगळं आहे, आणि बऱ्याच पोरांचे ते तास बॉक्स फोडून रॅकला माल लावण्यातच जातात, हे ज्याने केलंय त्याला माहितीये.

पप्पा स्वतः डी-फार्म. मी त्यांना त्या चार पायऱ्या सांगितल्या तर म्हणाले हे तर मला माझ्या पहिल्या मालकांनी असंच शिकवलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. ते खरंच आहे. २०१९ च्या महापुरात मी ते डोळ्यांनी बघितलं. आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, गावभागात दुकानात पाणी, माल निम्मा वरच्या मजल्यावर नेला, निम्मा गेला. लाइट नाही म्हणजे फ्रीज नाही. इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, मग पप्पांनी मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डब्यात व्हायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, वरून ओलं फडकं, आणि दर दोन तासांनी पाणी शिंपडायचं. फ्रीजइतकं गार होत नाही, पण बाहेरच्यापेक्षा थोडं तरी गार राहतं, आणि चालू व्हायल चार आठवडे साधारण पंचवीस-तीस डिग्रीच्या आत राहिली तरी चालते हे त्यांना पक्कं माहीत होतं. छावणीतनं लोक यायचे, चिठ्ठी पुरात गेलेली, नाव माहीत नाही, "बीपीची बारकी पांढरी गोळी" एवढंच. निम्म्या गोळ्या बारक्या आणि पांढऱ्याच असतात. पण पप्पांची एक डायरी आहे, नेहमीच्या गिऱ्हाईकांना काय चालू आहे, कधी बदललं, कुठल्या डॉक्टरचं, सगळं त्यात, ती डायरी त्यांनी मालाच्या आधी वर नेली होती. त्यातनं बघून, डॉक्टरांना फोन लावून, मगच द्यायचे. हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे मला सांगा.

पण एकट्या पप्पांच्या अंगात असलेलं त्यांच्याबरोबरच राहतं ना. रेसिडेन्सी म्हणजे हेच अनुभवाचं शहाणपण ठरवून, वेळ देऊन, लिहून आणि तपासून पुढच्याला देणं, असं मला वाटतं, म्हणून ती आपल्याकडे पाहिजे.

अजून एक सांगते म्हणजे का पाहिजे ते कळेल. हरिपूरच्या एक आक्का, शुगर काही केल्या खाली येईना, डॉक्टर डोस वाढवत चाललेले. तोवर मी एका फिजिशियन सरांना विनंती करून मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या ओपीडीबाहेर टेबल टाकून बसायला लागले होते, लोकांना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगायची आणि एकेक काढून बघायची. आक्कांना म्हटलं सुई कशी भरता ते दाखवा. व्हायल होती चाळीसची, म्हणजे एका एमएलमध्ये चाळीस युनिट, त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. आक्कांकडे नारिंगी टोपणाची होती, शंभरची, पुतण्याने पुण्याहून बॉक्स आणून दिलेला. त्यावर वीसच्या रेघेपर्यंत भरलं की आत इन्सुलिन जातं फक्त आठ युनिट. आणि समजा डोस असाच वाढवत नेला असता आणि एक दिवस कुणी लाल टोपणाची सिरिंज दिली असती तर अडीच पट इन्सुलिन एकदम अंगात गेलं असतं, रात्री झोपेत शुगर पडली असती. सरांना लगेच आत जाऊन सांगितलं, त्यांनी डोस पहिल्यापासून परत ठरवला. सर त्या दिवशीपासून मला आत बोलावून घेतात.

हे मला कुणी शिकवलं नाही, आजोबांच्या पंपाने शिकवलं, की करून दाखवायला सांग. पण प्रत्येक फार्मासिस्टने एकेका पेशंटला त्रास झाल्यावरच शिकायचं का?

पैशाचा प्रश्न आहेच, तो मी टाळत नाही. सरकारने भाव बांधलेल्या औषधांवर दुकानदाराला सोळा टक्के मार्जिन, त्यात भाडं, लाइट, पोरांचे पगार, एक्स्पायरी, वर ऑनलाइनवाल्यांचा डिस्काउंट. आक्कांबरोबर मी वीस मिनिटं बसले त्याचं बिल कशात लावणार? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे असं स्पष्ट लिहिलंय, औषध कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं, सगळं. पण त्या वेळेचा मोबदला कोण देणार हे ठरल्याशिवाय दुकानदार रेसिडेंटला स्टायपेंड कुठनं देणार. बहीण म्हणते तिकडे पण हे भांडण पूर्ण मिटलेलं नाही, फार्मासिस्टच्या सल्ल्याचे पैसे सरकारी विमा डॉक्टरसारखे सरळ देत नाही. तरी त्यांच्याकडे १९९६ पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिल शहराचं उदाहरण आहे, नगरपालिकेने आपल्या डायबेटिसवाल्या कर्मचाऱ्यांना ठराविक फार्मासिस्टकडे नियमित पाठवलं, फार्मासिस्टला त्या वेळेचे पैसे दिले, लोकांची शुगर सुधारली आणि एकूण खर्च पण उतरला. आपल्याकडे साखर कारखाने आहेत, सूतगिरण्या आहेत, दूध संघ आहेत, हजारो माणसं एका छताखाली काम करतात. यातल्या एकाने जरी असं करून बघितलं तर रेसिडेंटचा पगार त्यातनं निघू शकतो असं मला मनापासून वाटतं. कुणी ओळखीचं असेल तर मला खरंच कळवा, मी येऊन बोलायला तयार आहे.

तोपर्यंत आमच्या दुकानात जेवढं जमतंय तेवढं सुरू केलंय. तासगावकडची एक मुलगी डी-फार्मचे पाचशे तास करायला आलीये. पहिला आठवडा तिने काहीच द्यायचं नाही, फक्त पप्पांच्या मागे उभं राहून ऐकायचं आणि संध्याकाळी मला तीन पेशंट सांगायचे, कोण आलं, काय घेऊन गेलं, घरी जाऊन काय चुकू शकतं. दुसऱ्या आठवड्यापासून ती काउंटरवर आणि मी मागे स्टुलावर. मधे बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय, फक्त चुकीचं औषध जात असेल तरच. मंगळवारी ओपीडीला माझ्याबरोबर. एक वही केलीये, त्यात तिचं काय जमलं, काय राहिलं ते दर शनिवारी दोघी बसून लिहितो, पप्पा पण वाचतात आणि पेन्सिलने शेजारी काहीतरी लिहितात.

परवा एक मावशी आल्या, सांधेदुखीची मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यायला. ही गोळी आठवड्यातनं एकदाच असते आणि चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. मुलीने सगळं बरोबर सांगितलं, पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त रविवार" लिहिलं आणि पिशवी पुढे केली. मी स्टुलावर ओठ दाबून बसले होते. मावशी पायरी उतरायला वळल्या तशी ती मुलगी काउंटरच्या बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, थांबा जरा. आज बुधवार ना, मग आता पुढची गोळी कधी घेणार, तुम्ही सांगा मला."