औंध (पुण्यातलं नव्हे!) : तुकड्यातुकड्यांच्या संस्थानात दोन दिवस

पहिली सूचना हीच की मॅपवर नुसतं 'औंध' टाकू नका. मी कोथरूडहून निघताना टाकलं, वीस मिनिटं दाखवली, आणि मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "जावईबापू, एवढ्यात पोचलो तर संस्थान कसलं, मॉलच बघू." तेव्हा 'औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा' असं सगळं टाका. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे या. एसटी आहे, पण पुढे जे सांगतोय ते करायचं तर स्वतःची गाडी पाहिजेच.

कारण या संस्थानाचा नकाशा म्हणजे फुटलेली बशी. ७२ गावं, जेमतेम ५०० चौरस मैल, तेही सलग नाही. औंध इथे, आटपाडी तिकडे माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला, आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. इथले राजे म्हणजे पंतप्रतिनिधी. प्रतिनिधी, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार बघणारा, हे पद राजाराम महाराजांनी जिंजीला निर्माण केलं, पुढे ते परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात आलं. इंग्रजांनी १८२० मध्ये या घराण्याशी वेगळा करार केला होता, म्हणून १८४८ मध्ये सातारची गादी वारस नाही म्हणून डलहौसीने खालसा केली तरी औंध राहिलं, फक्त वरचा मालक बदलला. तोफांच्या सलामीचा मान वगैरे काही नाही, एवढंसं.

आम्ही पहिल्या दिवशी थेट यमाईच्या डोंगरावर गेलो. मूळपीठ वर आहे, अर्ध्या वाटेत म्युझियम, तिथपर्यंत गाडी जाते, ज्येष्ठ मंडळी असतील तर टेन्शन नाही. पौषात यात्रा असते, तेव्हा शांतपणे चित्रं बघायची आशा सोडा. आणि म्युझियमच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आमची मागची खेप कुलूप बघून परत आलेली.

श्री भवानी संग्रहालयात मी दोन तास म्हणून गेलो आणि चार तास काढले. राजा रवि वर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, आणि एका बाजूला इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल, दगडातलं लहानसं शिल्प, खटाव तालुक्यात! उजेड वरून येतो, चित्रावर चकाकी पडत नाही, त्यामुळे ढगाळ दिवस टाळा. हे उभं केलं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, म्हणजे भवानराव, गादीवर १९०९ पासून. स्वतः चित्रकार, कीर्तन करणारे, आणि सूर्यनमस्काराचे एवढे वेडे की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केलेले. सासऱ्यांच्या वडिलांनी ते घातलेत, आणि त्यांच्या मते राजा भला होता पण पहाटे उठवायचा.

मला जास्त चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. म्युझियम उभं राहिलं १९३८ साली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राजाने जाहीर केलं की कारभार आता रयतेचा. मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर (नंतरचे स्वामी भारतानंद) गांधीजींकडे सेवाग्रामला गेले, आणि जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना लागू. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका, तालुक्यांतून वरची सभा. दिल्लीत व्हाइसरॉय बसलेला असताना! आजूबाजूचे संस्थानिक मोटारी आणि शिकारीत रमलेले (सगळे नाही, कोल्हापूरकरांनी रागावू नये).

मुक्कामाचं सांगतो, गावात फार अपेक्षा ठेवू नका, आम्ही कराडला राहिलो. तिथे अख्खा मसूर आणि रोटी खा, पण दुपारी खाल्लंत तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडल-किर्लोस्करवाडी. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजाने माळरान दिलं, साल १९१०. आणि कुंडल म्हणजे प्रतिसरकारचं, बेचाळीसनंतर नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारचं गाव. इथे हद्दीचा खेळ कळतो, इंग्रजी मुलखात काम करायचं आणि संस्थानच्या हद्दीत सटकायचं, नकाशा फाटका असल्याचा फायदा नाना पाटलांच्या माणसांनी पुरेपूर घेतला, आणि औंधची यंत्रणा फारशी आडवी आली नाही.

तिथून विट्यावरून आटपाडी, रस्ता रखरखीत, एप्रिल-मेमध्ये मुळीच करू नका, पाणी भरपूर घ्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, कैद्यांना भिंतीशिवाय, कुटुंबासह शेती करू देणारी वसाहत, १९३९ ची. 'दो आँखें बारह हाथ' सिनेमाची मुळं इथली. अजूनही ती खुली वसाहत म्हणून चालते, त्यामुळे असंच आत घुसता येत नाही, परवानगी काढायची तयारी असेल तरच वाट वाकडी करा. आम्ही काढली नव्हती. रस्त्यावरूनच बघितलं, डाळिंबाचं शेत, एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती, आणि कुंपण शोधायला सासरे खाली उतरले ते चांगली दहा मिनिटं परत आले नाहीत.